सुटलेल्या माणसाचा जामीन

अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर म्हटलें कीं आपणांस गोविंदप्रभु आठवतात, म्हाइंभट आठवतो आणि लीळाचरित्र आठवतें. आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो ख्रिस्ती श्रद्धेचा आणि तुरुंगांतून सुटून आलेल्या माणसाचा आहे. रिद्धपुराशीं त्याचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. एक भूगोलाचा : रिद्धपूर ज्या मोर्शी तालुक्यांत मोडतें, त्याच मोर्शीस सरकारचें खुलें कारागृह आहे. दुसरा विचाराचा : ‘अनुताप’ हा शब्द महानुभावांच्या धर्मविचारांत फार मोलाचा आहे. केलेल्या कर्माचें दुःख मनाला जाळूं लागल्यावांचून मनुष्याचें पुढचें पाऊल पडत नाहीं, ही गोष्ट वऱ्हाडास कोणा मिशनऱ्यानें येऊन शिकवावी लागली नाहीं. परंतु महानुभाव पंथांत अनुतापाची वाट अनुसरणाकडे जाते. घर, गांव, नातीं मागें टाकून निघावयाचें असतें. सुटलेल्या कैद्याची अडचण नेमकी उलट आहे. त्याला त्याच घरीं, त्याच गांवीं, त्याच माणसांत परत जावयाचें असतें.

खुल्या कारागृहाची कल्पना महाराष्ट्राला नवी नाहीं. १९३९ सालीं औंध संस्थानांत, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नांवाची वसाहत निघाली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचा तिला आश्रय होता आणि पोलंडहून आलेले इंजिनियर मॉरिस फ्रीडमन हे तिचे प्रेरक होते. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांना तेथें भिंतीशिवाय, बायकामुलांसह, शेतीवर ठेवलें गेलें. पुढें १९५७ सालीं आलेला ‘दो आंखें बारह हाथ’ हा शांतारामबापूंचा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला. मोर्शीस जो कैदी पाठविला जातो, त्याच्या शिक्षेचा कांहीं भाग बंद तुरुंगांत झालेला असतो आणि त्याचें वर्तन पारखलेलें असतें. तो शेतांत राबतो आणि त्याला शिक्षेंत अधिक सूट मिळते. सरकारनें टाकलेला हा विश्वास मोठा आहे. पण तो कुंपणापर्यंतचा आहे. शेवटच्या दिवशीं त्याच माणसाच्या हातांत कपड्यांचें गांठोडें आणि थोडी मजुरीची शिल्लक ठेवून निरोप दिला जातो, आणि तेथून पुढें त्याच्यावर विश्वास कोणीं टाकावा, हें कोणत्याहि नियमांत लिहिलेलें नसतें.

गांवीं काय झालेलें असतें ? दहाबारा वर्षांत शेत भाऊबंदांच्या वहितींत गेलेलें असतें. रेशनकार्डावरून नांव कमी झालेलें असतें. आई गेलेली असते, मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत बापाचा विषय टाळला जात असतो. गांवांत कोठें चोरी झाली तर फौजदाराची पहिली फेरी त्याच्या दारावरून जाते. मजुरीला बोलावणाराहि दोनदां विचार करतो. अशा वेळीं पुन्हां तुरुंग बरा, असें वाटणारा मनुष्य वेडा नसतो. तेथें निदान त्याचा नंबर तरी कोणाला माहीत असतो.

कायद्यानें ही गोष्ट एका जागीं नेमकी ओळखली आहे. आपल्या राज्यांत संचित रजा व अभिवचन रजा, ज्यांना आपण फर्लो आणि पॅरोल म्हणतों, त्यांचे नियम १९५९ सालीं झाले. त्यांत फर्लोसाठीं अशी अट घातली गेली कीं, कैद्याला आपल्या घरीं ठेवून घेण्यास तयार असा नातलग असला पाहिजे, आणि त्यानें जामीनकतबा लिहून दिला पाहिजे. अट समजण्याजोगी आहे. पण ज्याला कोणीच उरलें नाहीं त्यानें काय करावें ? चांगलें वर्तन त्याचें असतें, रजेचा काळहि भरलेला असतो. उणीव असते ती केवळ ‘हा आमचा आहे’ असें लिहून देणाऱ्या एका माणसाची. रजेच्या अर्जावरची ही रिकामी ओळ सुटकेनंतर त्या माणसाच्या साऱ्या आयुष्यावर पसरते. घरमालक भाडेकऱ्याची ओळख मागतो, मुकादम मजुराची मागतो, बँक पत्ता मागते.

येथें ख्रिस्ती श्रद्धेकडे वळणें मला भाग आहे, कारण तिच्या मूळ ग्रंथांत ही ओळ भरणारें एक पत्र आहे. पौलानें तुरुंगांत असतांना फिलेमोन नांवाच्या गृहस्थाला तें लिहिलें. नव्या करारांतील लहानांत लहान लिखाणांपैकीं तें एक. पंचवीस वचनें, एका बैठकींत वाचून होतात. फिलेमोनाचा अनेसिम नांवाचा दास घर सोडून गेलेला, बहुधा कांहीं नुकसानहि करून गेलेला. तो पौलास भेटला आणि बदलला. आतां पौल त्याला मालकाकडे परत पाठवीत आहे. पत्रांत तो उपदेश थोडा करतो आणि व्यवहार अधिक बोलतो. याला दास म्हणून न घेतां बंधु म्हणून घ्यावें. त्याच्याकडे कांहीं येणें असेल तर तें माझ्या खातीं मांडावें, मी फेडीन. आणि हें मी स्वतःच्या हातानें लिहून देत आहें, असें तो कळवितो. आपल्या भाषेंत याला जामीन राहणें म्हणतात. पौलानें दास्यप्रथेवरच घाव कां घातला नाहीं, हा आक्षेप पुष्कळांनीं घेतला आहे आणि तो खोटा नाहीं. तरी एक गोष्ट लक्षांत येते : अनेसिमाचा अनुताप खरा होता म्हणून त्याला एकट्याला दाराशीं पाठवावें, तेवढ्यानें भागेल, असें पौलास वाटलें नाहीं.

आपण सामान्यतः वधस्तंभावरील पश्चात्तापी चोराची गोष्ट सांगतों. ती हृद्य आहे, पण माझ्या मतें सोपी आहे. त्या चोराला दुसऱ्या दिवशीं कोणाच्या दारीं काम मागावयाचें नव्हतें. स्तंभावरून उतरून पुढें तीस वर्षें जगावयाचें असलेल्या चोराचें काय, हा प्रश्न कठीण. मत्तयाच्या शुभवर्तमानांत न्यायाच्या दिवसाचें वर्णन आहे, त्यांत भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, यांच्या ओळींतच बंदिवानाची भेट मोजली आहे. तो बंदिवान अपराधी कीं निरपराधी, कोणत्या धर्माचा, याची चौकशी तेथें नाहीं.

या श्रद्धेचा अर्थ पाहावयाचा तर वऱ्हाडाच्या उत्तरेस, सातपुडा ओलांडून इंदुराकडे जावें लागतें. होळकरांचें इंदूर मराठी माणसाला परकें नाहीं. त्या बाजूस, देवास जिल्ह्यांतील उदयनगर येथें, मूळ केरळच्या राणी मारिया नांवाच्या धर्मभगिनी आदिवासी शेतकऱ्यांना सावकारी पाशांतून सोडविण्याचें काम करीत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजीं भर बसमध्यें त्यांचा सुऱ्यानें खून झाला. मारणारा समंदरसिंग नांवाचा तरुण होता; त्यांच्या कामानें ज्यांचे हितसंबंध दुखावले अशांनीं त्याला पुढें केलें होतें. त्याला जन्मठेप झाली. तुरुंगांत स्वामी सदानंद या नांवानें ओळखले जाणारे एक ख्रिस्ती धर्मगुरु त्याला भेटूं लागले. पुढें, २००२ सालच्या राखीपौर्णिमेला, राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगांत गेल्या आणि त्यांनीं त्याच्या मनगटावर राखी बांधली.

या राखीकडे नीट पाहिलें पाहिजे. ‘मी तुला क्षमा केली’ असें म्हणून बाईंना परत जातां आलें असतें. त्यांनीं नातें जोडलें, तेंहि या देशांतील सर्वांना कळणाऱ्या विधीनें, आणि बहीण म्हटल्यावर येणारीं ओझीं त्यांनीं घेतलीं. त्याच्या सुटकेसाठीं मृत भगिनीच्या घरच्या माणसांनीं व संघानें सरकारकडे अर्ज केला. २००६ सालीं तो सुटला. नंतर केरळांत जाऊन तिच्या मातापित्यांना भेटला, आणि त्यांनीं त्याला घरांत घेतलें. तो आपल्या गांवीं शेती करूं लागला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजीं इंदुरांत राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित करण्याचा समारंभ झाला, तेव्हां तो तेथें उपस्थित होता. ज्यांना त्याच्याविरुद्ध बोलण्याचा सर्वांत मोठा अधिकार, तेच त्याचे जामीन राहिले. मग गांवानें काय बोलावें?

सर्वच ख्रिस्ती प्रयत्न इतके निर्मळ होते असें मात्र मी म्हणणार नाहीं. मुक्तिफौज १८८२ सालीं मुंबईस उतरली. तिचे पुढारी बूथ-टकर हे हिंदी वेष घालून ‘फकीरसिंग’ म्हणवीत. रस्त्यांतून मिरवणूक काढल्याबद्दल त्यांना मुंबईंत महिनाभर तुरुंगहि भोगावा लागला. याच फौजेनें १८८३ सालीं ऑस्ट्रेलियांत मेलबोर्न येथें, सुटणाऱ्या कैद्याला तुरुंगाच्या दाराशींच गांठून निवारा व काम देणारें पहिलें घर काढलें. कल्पना उत्तम. पण हिंदुस्थानांत १९०८ नंतर तिनें सरकारच्या वतीनें ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहती चालविण्यास घेतल्या, तेव्हां धर्मसेवकाच्या हातीं हजेरीपट आला. १८७१ च्या कायद्यानें ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविलें होतें, त्या माणसांना तेथें सुटका नव्हती; प्रार्थना होती आणि पहाराहि होता. सोलापुरास अशा एका वसाहतीच्या जागेला लोक अजून ‘सेटलमेंट’ म्हणतात. तो कायदा १९५२ सालीं देशभर रद्द झाला. जामीन राहणारा आणि पहारा करणारा हीं दोन माणसें निराळीं असावीं लागतात.

दुसरी शंका धर्मांतराची. अडचणींत सांपडलेल्या माणसाला भाकरीबरोबर बाप्तिस्मा पुढें करणें हा सौदा होय, आणि सुशिक्षित घरांतून त्याविषयीं जो संशय व्यक्त होतो तो मी अनाठायीं मानीत नाहीं. कसोटी साधी आहे : मनुष्य ‘नको’ म्हणाला तर त्याची खोली, त्याचें काम, त्याचा पत्ता तसाच राहतो काय ? १९८१ सालीं केरळांत सुरू झालेली ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ असो, कीं एखाद्या लहानशा मंडळीचा साप्ताहिक भेटीचा क्रम असो, सर्वांना हाच प्रश्न विचारला पाहिजे.

हें काम केवळ देवळांचें नाहीं, हेंहि सांगतों. अमरावतींत ‘वऱ्हाड’ याच नांवाची एक स्वयंसेवी संस्था कैद्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या पुनर्वसनासाठीं काम करीत आली आहे. तिला कोणताहि पंथ आड येत नाहीं. अशा कामाचा आरंभ सुटकेच्या पुष्कळ आधीं, मनुष्य आंत असतांनाच, त्याच्या घरीं जाऊन करावा लागतो : मुलें शाळेंत टिकलीं आहेत कीं नाहींत, पत्राला उत्तर कोणी लिहितें कीं नाहीं, रजेच्या अर्जावर सही करावयाला चुलता तयार आहे कीं त्याची समजूत घालावी लागेल.