झटक्याआधीचा हात

मंचेरियल, श्रीरामपूर, मंदमर्री हा सगळा पट्टा सिंगरेणीच्या कोळशावर जगतो. भूमिगत खाणीत वाकून केलेलं काम काय किंवा ओपनकास्टच्या डंपरवर पाळीभर खाल्लेले हादरे काय, हिशेब शेवटी कमरेलाच चुकता करावा लागतो. प्राणहितेपलीकडच्या सिरोंच्यातलेही लोक चेन्नूरमार्गे इथे उपचाराला येतात. अशाच एका ओळखीच्या डंपर ऑपरेटरसोबत मी इथल्या फिजिओथेरपी दवाखान्यात गेलो. फिजिओथेरपिस्ट ताई चंद्रपूरकडच्या, त्यामुळे बोलणं मराठीतच झालं.

‘‘ताई, मोबाइलवर दाखवतात तसं एकदा कट् करून द्या. शीर मोकळी होईल.’’

ताईंनी आधी त्यांना टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. मग उताणं झोपवून गुडघा न वाकवता उजवा पाय हळूहळू वर नेला. पाय निम्माही उचलला नव्हता, तोच कळ पोटरीतून खाली गेली आणि त्यांनी खाटेची कड घट्ट धरली. ‘‘आता अंगठा वर ओढा, मी दाबते तरी सोडू नका.’’ डावा अंगठा हटेना. उजवा मात्र दोन बोटांच्या दाबानेच खाली गेला. मला वाटतं, अख्ख्या तपासणीत सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते हेच. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर आली की बहुधा पाचवी शीर दबते, आणि अंगठा वर उचलण्याची ताकद त्याच शिरेची. घोट्यामागे हातोडी मारल्यावर पाऊल नीट हललं, म्हणजे तिच्या खालची शीर शाबूत होती. मग आवाज उतरवून विचारलं, ‘‘दादा, लघवी अडते का? बसायच्या जागी बधिर वाटतं?’’ उत्तर ‘हो’ आलं असतं, तर त्याच घडीला मोठं इस्पितळ गाठावं लागलं असतं. तिथे तासांना किंमत असते.

कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची रीत आपल्याकडे जुनीच. मोबाइलवर दिसतो तो झटका देऊन मणके बसवण्याचा प्रकार, म्हणजे कायरोप्रॅक्टिक, सुरू झाला 1895 साली, अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावी, डॅनियल पामर यांच्या हातून. जागचं सरकलेलं हाड शीर दाबतं आणि ते बसवलं की आजार जातो, असा त्यांचा दावा होता. पण तो ‘कट्’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. साध्या कंबरदुखीत अशा उपचाराने थोडा आराम पडतो, हे खरं आहे. मात्र मानेला जोराचा झटका देताना रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्याही नोंदी आहेत. अशा घटना विरळाच, तरी व्हिडिओ पाहून मान पुढे करणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

ताईंनी झटका दिला नाही. ‘‘अंगठ्यातली ताकद कमी झाली आहे. अशा कमरेला मी पीळ देणार नाही.’’ गृहस्थ नाराज झाले, इतक्या लांबून आलो म्हणाले. ताईंनी शांतपणे गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायला शिकवलं, थोडं थोडं चालायला सांगितलं. अशी बाहेर आलेली गादी बहुतेकांच्या बाबतीत काही महिन्यांत आपोआप आक्रसते, हेही समजावलं. मग हाडांच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली: उजव्या अंगठ्याची ताकद कमी, एमआरआयचं बघावं, डंपर तूर्त बंद. वाट न पाहता कधी धावत यायचं, तेही खाली लिहिलं: पाऊल लुळं पडलं तर, लघवी अडली तर.