गारपीट : तिची घडण व तिची वाट

गारा पडू लागल्या म्हणजे आमच्या शाळेत मुलांचे दोन तट पडतात. काही जण ओंजळ पसरून पटांगणावर धावतात, आणि काही व्हरांड्यातच उभे राहून आपल्या गावाच्या दिशेचे आभाळ निरखीत असतात. ही दुसरी मुले बागाईतदारांची, हे निराळे सांगावयास नको.

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी, रविवारी, जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या काही भागांस अवकाळी पावसाने व गारांनी झोडपले. सोमवारी वर्ग भरला तेव्हा एकाच बाकावरील दोघांत वाद जुंपलेला आम्ही ऐकला. एक म्हणे, आमचे अंगण पांढरे झाले. दुसरा म्हणे, आमच्याकडे नुसती भुरभुर. दोघांच्या गावांत अंतर अवघे दोन कोसांचे. दोघेही खरेच बोलत होते; ते कसे, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

थंड देशांत हिवाळ्यात बर्फाचे जे वादळ होते ते निराळे. तेथे पाऊस पाणी होऊनच खाली येतो. परंतु जमिनीलगतची हवा शून्य अंशाखाली असल्यामुळे फांदीस वा तारेस स्पर्श होताच त्याचे बर्फ बनते. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात अशा बर्फाच्या भाराने विजेचे मनोरे वाकले व लक्षावधी घरे कडाक्याच्या थंडीत अंधारात राहिली. आपल्या शिवनेरीच्या परिसरात जमिनीजवळची हवा इतकी गार नसते. आपल्याकडील बर्फ वरच तयार होऊन खाली येते.

ते असे. जमिनीजवळची दमट, उबदार हवा वेगाने वर चढते आणि तिचा कोबीच्या गड्ड्यासारखा राशिमेघ बनतो. काही किलोमीटर उंचीवर उष्णमान शून्याखाली जाते. तथापि तेथील जलबिंदू लगेच गोठत नाहीत. शून्याखाली दहा-वीस अंशांपर्यंतही ते पाणीच राहू शकतात, ही मोठी नवलाची गोष्ट होय. एखादा बर्फाचा कण त्यांस भेटला की मात्र ते त्यावर थिजतात. खालून येणारा झोत त्या कणास तोलून धरतो, आणि पुटावर पूट चढत जाते. गार मधोमध कापून पाहावी. कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. झटकन गोठलेला थर आत हवा अडकल्यामुळे दुधी, तर सावकाश गोठलेला काचेसारखा. वजन झोतास पेलवेनासे झाले म्हणजे गार सुटते. लिंबाएवढी गार ताशी सुमारे साठ किलोमीटर वेगाने आदळते.

मग आषाढात इतका पाऊस असून गारा का पडत नाहीत? पावसाळ्यात वरची हवाही उबदार असते; शून्य अंशाची पातळी फार उंच असते, आणि लहानसहान गारा वाटेतच विरघळतात. हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी उत्तरेकडील थंड, कोरडी हवा वरून येते. त्याच वेळी खाली समुद्राकडील बाष्प आले की मेळ जमतो. त्या नोव्हेंबरात पश्चिमेकडील व पूर्वेकडील वाऱ्यांची अशीच गाठ पडली होती. त्याच दिवशी गुजरातेत वीज कोसळून वीसांहून अधिक माणसे दगावली. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपिटीने जो कहर केला, तो पालकांच्या स्मरणात असेलच.

आता त्या दोन मुलांचा वाद. गारांचा झोत ढगाच्या एका भागातच असतो, आणि ढग वरच्या वाऱ्यासरशी पुढे सरकतो. त्यामुळे गारा पडतात त्या पट्ट्यात; पट्टा लांब पण अरुंद असतो. ह्या ऋतूत वरचा वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून पट्टाही सामान्यतः पूर्वेकडे वा ईशान्येकडे जातो. हवामान खात्याचे रडार ढगांवर लहरी सोडून त्यांच्या परतीवरून ही वाट टिपते. मात्र पृथ्वीच्या गोलाईमुळे अंतर वाढेल तसतशी ती लहर जमिनीपासून उंच जाते, तेव्हा खाली कोणत्या शिवारात गार पडली हे शिवारातल्या माणसानेच सांगावे लागते. घरीही थोडे साधते : वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावे, तिनाने भागावे, तितके किलोमीटर वीज दूर. आकडा घटत असेल तर ढग आपल्याकडेच येत आहे असे समजून पक्क्या घरात जावे, झाडाखाली नव्हे.

त्या सोमवारी आम्ही भूगोलाचा ठरलेला पाठ सोडून फळ्यावर दोन्ही तालुक्यांचा नकाशा काढला. कुकडी, मीना, घोड ह्या नद्या आखल्या आणि ज्याच्या गावी गारा पडल्या त्याने खडूने टिंब देऊन वेळ लिहावी असे सांगितले. कोणी वेळ म्हशीच्या धारेवरून सांगितली, कोणी दूरदर्शनवरील कार्यक्रमावरून. तरीही टिंबे पसरली नाहीत, एका ओळीत पडली.

नोव्हेंबरात ऑक्टोबर-छाटणीच्या द्राक्षबागा कोवळ्या असतात व कांद्याची रोपे वाफ्यात असतात. गारेने पान फाटते ते दिसते. पण फुटलेल्या सालीतून व ओल्या हवेतून पुढे द्राक्षावर डावणी आणि कांद्यावर करपा येतो, तो आठवड्याने कळतो. सरकारी मदतीस पिकाचे निदान ३३ टक्के नुकसान पंचनाम्यात दिसावे लागते. म्हणून तलाठी येईपर्यंत बाग तशीच राखावी, की रोग टाळण्यासाठी तत्काळ साफ करून फवारावी, हा पेच घरोघर पडतो. आमच्या मते छायाचित्रे काढून ठेवावी व फवारणी थांबवू नये.

तास संपताना अंगण पांढरे झालेला मुलगा टेबलापाशी आला. दुपारी पंचनाम्यास माणसे येणार होती, वडिलांस अक्षरओळख बेताची, तेव्हा अर्धी रजा मिळावी असे त्याचे म्हणणे होते. आम्ही त्यास रजा दिली, व नकाशा वहीत उतरवून सोबत नेण्यास सांगितले.