रहस्यकथेची सुरुवात फॉरवर्ड करू नका!

आजचा एपिसोड छोटा आहे आणि त्यात एकच विनंती आहे. गोष्ट ऐकताना दहा-दहा सेकंद पुढे ढकलायची सवय आपल्या सगळ्यांच्या अंगठ्याला लागलीय. इतर ठिकाणी ते खपून जातं. रहस्यकथेत मात्र आपण स्वतःच पुरावा फेकून देतो.

कसं ते सांगतो. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ ही १८८७ साली आलेली शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी. तिच्या सुरुवातीला होम्स नाहीच! डॉक्टर वॉटसन स्वतःची माहिती देत बसतो. १८७८ साली लंडन विद्यापीठाची पदवी, मग सैन्यात डॉक्टर, अफगाणिस्तान, मैवंदच्या लढाईत खांद्याला लागलेली गोळी. वाटतं, हा काय बायोडेटा लावलाय? पण थोड्याच पानांनी होम्स त्याला पहिल्यांदा भेटतो आणि तो अफगाणिस्तानातून आलाय हे लगेच ओळखतो. उत्तर बरोबर आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून मनात एकच प्रश्न उरतो : याला कळलं कसं? रापलेला चेहरा, पण गोरी मनगटं, आखडलेला डावा हात. हे स्पष्टीकरण नंतर येतं. बायोडेटा वगळलात, तर निम्मी मजा गेली.

रूथ रेंडेल तर याच्याही पुढे जाते. ‘अ जजमेंट इन स्टोन’ (१९७७) मध्ये पहिल्याच वाक्यात खुनी कोण, बळी कोण आणि कारण काय, हे ती सांगून टाकते. हा स्पॉयलर नाही हं, लेखिकेनेच सांगितलंय! कारण काय, तर खून करणाऱ्या बाईला लिहिता-वाचता येत नाही. मग वाचायला उरलं काय? सगळंच! ती सुशिक्षित घरात कामाला आहे आणि हे गुपित जिवापाड जपतेय. मालकीणबाईंनी लिहून ठेवलेली साधी चिठ्ठी दिसली, तरी आपल्याच छातीत धडधडतं. लाज माणसाला कुठवर नेते, हे खरं रहस्य.

आणि अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (१९२६)? गावचा डॉक्टर एका बाईच्या मृत्यूची वार-तारखेसह कोरडी नोंद देतो. याहून जास्त बोलणार नाही. पुस्तक संपल्यावर पहिलं पान परत वाचा, एवढंच.

पुढची रहस्यकथा सुरू कराल तेव्हा दोन प्रश्न विचारा. बोलतंय कोण? आणि काय सांगितलं, काय हातचं राखलं? बघा, तपास पहिल्या मिनिटालाच सुरू होतो.

चला, भेटू पुढच्या भागात!