धिंगरीचे जपानी सूप

जपानी पद्धतीच्या अळिंबीच्या सुपात मैदा, कॉर्नफ्लोअर, लोणी किंवा साय यांपैकी काहीच पडत नाही. ते पातळ असते आणि त्याची सारी चव ‘दाशी’ नावाच्या अर्कावर अवलंबून असते. कोंबू हे समुद्रशेवाळ, बोनिटो माशाचे सुके काप किंवा सुकवलेली शिताके अळिंबी पाण्यात भिजवून हा अर्क काढतात. शिताकेची दाशी पूर्ण शाकाहारी असते.

या चवीचे कारण टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये शोधले. कोंबूतून त्यांनी ग्लुटामेट वेगळे केले आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. पुढे १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांना शिताकेतील ग्वानिलेट या घटकातही उमामी आढळली. ग्लुटामेट आणि ग्वानिलेट एकत्र आले की चव कित्येक पटींनी खुलते. सोया सॉस आणि मिसो (सोयाबीनची खारट पेस्ट) यांत आंबवण्याच्या क्रियेमुळे ग्लुटामेट भरपूर असते. म्हणूनच कोंबू मिळाला नाही तरी अळिंबी आणि सोया सॉस यांच्या जोडीवर हे सूप उत्तम जमते.

नंदुरबार जिल्ह्यात या सुपासाठी सर्वांत सोयीची अळिंबी म्हणजे धिंगरी. ती भाताच्या किंवा गव्हाच्या काडावर, प्लास्टिकच्या पिशव्यांत, घरातल्या सावलीच्या खोलीतही वाढवता येते. नवापूर तालुक्यात भात पिकत असल्याने काड जवळच मिळते. धिंगरीला साधारण २० ते २८ अंश सेल्सिअस तापमान लागते, त्यामुळे हिवाळ्याचे दिवस तिला मानवतात; मात्र हवेत भरपूर ओलावाही लागतो. ताज्या धिंगरीत जवळजवळ ९० टक्के पाणी असते आणि ती दोन-चार दिवसांतच खराब होऊ लागते. उरलेली अळिंबी कडकडीत वाळवून हवाबंद डब्यात ठेवली की वर्षभर सुपाला उपयोगी पडते. शिताकेचा खास वास धिंगरीला नसतो, पण तिचा अर्कही रुचकर होतो.

चार माणसांसाठी २० ग्रॅम सुकी शिताके किंवा धिंगरी एक लिटर थंड पाण्यात सहा ते आठ तास भिजवावी. हवा उष्ण असेल तर भांडे फ्रिजमध्ये ठेवावे. नंतर अळिंबी काढून पिळावी आणि पाणी मलमलच्या कपड्यातून गाळून घ्यावे. पुढे अळिंबीचे काप घातल्यावर हे पाणी मंद आचेवर हळूहळू तापवणे महत्त्वाचे आहे. ६० ते ७० अंशांच्या आसपास अळिंबीतील विकरे ग्वानिलेट तयार करतात. पाणी झटकन उकळले तर त्यांना तेवढा वेळ मिळत नाही.

भिजलेल्या अळिंबीचे पातळ काप करावेत. शिताकेचे देठ चिवट असतात, ते काढून टाकावेत. सुमारे २०० ग्रॅम ताजी धिंगरी हाताने उभी फाडावी. दोन्ही अळिंबी आणि आल्याचे चार-पाच काप अर्कात घालून आठ-दहा मिनिटे मंद शिजवावे. मग एक मोठा चमचा सोया सॉस आणि आवडीप्रमाणे टोफूचे तुकडे घालावेत. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ चव पाहूनच टाकावे. सोया सॉसऐवजी मिसो वापरायचा असल्यास गॅस बंद करावा, दोन-तीन चमचे मिसो थोड्या गरम सुपात कालवावा आणि मग भांड्यात मिसळावा. मिसो उकळल्यास त्याचा सुगंध उडून जातो.

वाढताना वरून कांद्याची पात चिरून घालतात. जपानमध्ये सुपावर लाल मिरची असलेला ‘शिचिमी’ हा सात जिनसांचा मसालाही भुरभुरतात. नंदुरबारची बाजारपेठ मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. तिथली भाजून भरड कुटलेली लाल मिरची आणि तीळ चिमूटभर घातले तरी या सुपाला चांगली धार येते.

पावसाळ्यात सातपुड्याच्या जंगलात रानअळिंबी उगवते. तिच्यातील विषारी जाती खाण्याजोग्या जातींसारख्याच दिसू शकतात आणि शिजवूनही अनेकींचे विष जात नाही. जाणकाराने खात्रीने ओळखलेली नसेल, तर रानातली अळिंबी सुपात घालू नये. लागवडीची धिंगरीही पूर्ण शिजवूनच खावी. चिकट झालेली किंवा आंबूस वास येणारी अळिंबी टाकून द्यावी.