‘झुंड’ : सामना संपल्यानंतरचा खेळ

खेळावरील चित्रपटांचा एक साचा आता आपल्या चांगला परिचयाचा झाला आहे. एक दुबळा संघ असतो, त्याला एक हट्टी शिक्षक भेटतो, मध्यंतरापर्यंत सगळीकडून अवहेलना होते आणि अखेरच्या सामन्यात, अखेरच्या घटकेला, विजय मिळतो. २००७ सालचा ‘चक दे! इंडिया’ किंवा २०१६ सालचा ‘दंगल’ पाहताना शेवट काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते, तरी तो श्वास रोखून बसतो. या साच्याला नावे ठेवण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. कीर्तनालाही साचा असतोच. परंतु ज्या चित्रपटाची कथा आपल्या नागपुरात घडली, त्या ‘झुंड’ने हा साचा मध्येच मोडला. तो का मोडला, हे समजून घेण्यासारखे आहे.

मूळ हकीकत अशी. येथील हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना एका पावसाळी दिवशी झोपडपट्टीतील मुले चिखलात एक फुटकी बादली लाथाडताना दिसली. चेंडू नाही, बूट नाहीत, मैदान म्हणावे असे काही नाही. पण खेळ मात्र रंगलेला. बारशांनी त्यांच्या हाती चेंडू दिला. ही गोष्ट या शतकाच्या अगदी आरंभीची. त्यातून झोपडपट्टीतील संघांच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. २०१४ साली आमीर खान यांच्या ‘सत्यमेव जयते’ या दूरदर्शन-मालिकेमुळे हे काम देशभर पोहोचले. २०१६ साली फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, फिफाने, विविधतेसाठीचा आपला पुरस्कार या संस्थेस दिला. शहराबाहेर बोखाऱ्याकडे तिचे मैदान आहे. आपल्यापैकी कितीजण तिकडे फिरकले असतील, हा प्रश्न आम्ही येथे विचारीत नाही.

या हकीकतीवर नागराज मंजुळे यांनी चित्रपट केला आणि तो ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ या मराठी चित्रपटांनंतरचा हा त्यांचा पहिला हिंदी चित्रपट. हिंदी म्हणायचे खरे, पण त्यातली मुले बोलतात ती आपली नागपुरी! मुंबईच्या प्रेक्षकाला ती नवी वाटली असेल. इथल्या प्रेक्षकाला मात्र आपल्याच मोहल्ल्यातले कोणी पडद्यावर भांडते आहे असा भास होतो. बारशांवरून रचलेली विजय बोराडे यांची भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. पण बहुतेक मुले कॅमेऱ्यापुढे कधीही उभी न राहिलेली, त्यांतली कित्येक नागपुरातलीच. डॉनची भूमिका करणारा अंकुश गेडामही नागपूरचाच.

आता साचा कसा मोडला ते पाहू. महाविद्यालयाचे मैदान आणि झोपडपट्टी यांच्यामध्ये एक भिंत आहे. भिंतीपलीकडच्या पोरांचा सामना महाविद्यालयाच्या संघाशी लागतो आणि ती जिंकतात. इतर दिग्दर्शकाने येथे पडदा पाडला असता. मंजुळे यांनी हा सामना चित्रपटाच्या पूर्वार्धातच उरकला! पुढे दीड तास उरतो, आणि त्या दीड तासात चेंडूपेक्षा कागद अधिक दिसतात. परदेशी खेळायला जायचे तर पारपत्र हवे. पारपत्राला जन्माचा, राहण्याचा पुरावा हवा. आणि ज्याच्यावर पोलिसांत नोंद आहे त्याला आधी न्यायालयाची पायरी चढायला हवी. रिंकू राजगुरू हिने केलेली आदिवासी मुलगी मोनिका आपल्या बापाबरोबर ओळखीच्या कागदासाठी दारोदार हिंडते. चेंडू अडवणारा गोलरक्षक समोर दिसतो तरी. कचेरीतला अडवणारा पुष्कळदा सभ्यपणे बोलूनच परत पाठवतो. आमच्या मते चित्रपटाचा खरा सामना हाच. तो लांबला आहे, काही प्रसंगांना कात्री लावता आली असती, हेही आम्ही मान्य करतो. पण कचेरीतले हेलपाटे ज्यांनी घातले आहेत त्यांना ही लांबण अपुरीच वाटेल.

नावाचेही तसेच. ‘झुंड’ म्हटले की आपल्या कानाला लगेच ‘झुंडशाही’ आठवते. जी पोरे एकत्र उभी राहिली की रस्त्यावरचा माणूस पाकीट चाचपतो, तीच पोरे एका रंगाचे कपडे घालून उभी राहिली की त्यांना ‘संघ’ म्हणतात. चित्रपटातील बोराडे याच शब्दावर अडून बसतात. बाबासाहेबांच्या जयंतीचा जल्लोष आणि त्यांच्या प्रतिमेसमोर उभे राहिलेले बोराडे हे दृश्यही येथे उगीच आलेले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ज्या शहरात घडला, त्या शहराला ते समजावून सांगण्याची गरज नाही.

ही मुले ज्या स्पर्धेसाठी विमानात बसतात, तिच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. बेघरांचा विश्वचषक या नावाने ती २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे सुरू झाली. तिचे मैदान २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद, म्हणजे एखाद्या वाड्याच्या चौकापेक्षा फारसे मोठे नव्हे. एका बाजूला चार खेळाडू, त्यांतला एक गोलरक्षक. सात-सात मिनिटांचे दोन डाव. गल्लीत, भिंतींच्या आडोशाने, अपुऱ्या जागेत खेळलेल्या मुलाला हे अंगवळणी पडलेलेच असते. या स्पर्धेचा आणखी एक नियम आहे: कोणत्याही खेळाडूला तीत आयुष्यात एकदाच खेळता येते. पुढच्या वर्षी त्याच देशाचा संघ येतो, पण चेहरे नवे असतात.

चित्रपटात मात्र ही स्पर्धा आपल्याला दिसतच नाही. विमानतळावरच्या तपासणीच्या दारातून डॉन एकदाचा पार होतो, विमान उडते, आणि खाली झोपडपट्टीजवळची ती भिंत राहते. भिंत ओलांडण्यास सक्त मनाई असल्याची सूचना तिच्यावर लिहिलेली आहे.