कंपनीचा पार्ट की बाहेरचा? टू-व्हीलर स्पेअरचं दुकान टाकताना माल कसा निवडायचा

स्पेअर पार्ट्सच्या दुकानाचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "सर, माल कंपनीचा भरू की लोकल?" व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून इथे नीट लिहितो.

आधी हे समजून घ्या की गाडीची कंपनी गाडीतला प्रत्येक पार्ट स्वतः बनवत नाही. बजाजच्या गाड्यांना ब्रेक आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर पुरवणारी एन्ड्युरन्स आपल्या छत्रपती संभाजीनगरची, वाळूज एमआयडीसीतली. रोलॉन चेन कोइमतूरची एल. जी. बालकृष्णन कंपनी बनवते. ती नव्या गाड्यांच्या कंपन्यांनाही चेन देते आणि स्वतःच्या नावाने दुकानातही विकते. म्हणजे एकाच कारखान्याचा माल एकदा गाडीच्या कंपनीच्या डब्यात येतो आणि एकदा बनवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यात, कमी भावात. दोन्ही डब्यांतला माल दरवेळी शंभर टक्के एकच असतो असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या डब्यावर बनवणाऱ्याचं नाव असतं, पत्ता असतो, आणि माल खराब निघाला तर ते नाव खराब होतं.

त्यामुळे बाजारात माल दोन नाही, चार प्रकारचा आहे. गाडीच्या कंपनीच्या पॅकिंगचा. कंपनीलाच माल पुरवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या ब्रँडचा. कंपनीला न पुरवणाऱ्या, पण नाव-पत्त्यासकट विकणाऱ्या इतर ब्रँडचा. आणि चौथा डुप्लिकेट, म्हणजे कंपनीच्या डब्याची हुबेहूब नक्कल. लोक तिसऱ्याला आणि चौथ्याला सरसकट 'लोकल' म्हणतात, आणि घोळ तिथेच होतो. तिसरा कधी चांगला असतो, कधी साधा. चौथा फसवणूक आहे. त्याला काउंटरवर जागाच देऊ नका.

आता भरवशाचं बघू. बाहेरचा पार्ट दिसायला सेम असतो, मग नेमका कुठे मार खातो? जे डोळ्याला दिसत नाही तिथे. ब्रेक लायनर घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या शूवर घर्षणाचं मटेरियल चिकटवलेलं असतं. हलक्या मालात हा चिकटपणा कच्चा असतो. घाटात ब्रेक तापला की लायनिंग सुटतं आणि ड्रममध्ये अडकलं तर चाक जाम होऊ शकतं. गिऱ्हाइकाने तर फक्त "थोडे स्वस्तातले द्या" एवढंच म्हटलेलं असतं! चेन सेटमध्ये पिन आणि बुश नीट कडक केलेले नसतील तर चेन लवकर ताणते, मग रोज टाइट करत बसा. एअर फिल्टरची गंमत वेगळीच. कागद हलका किंवा कडेचं रबर ढिलं असेल तर धूळ आत जाते, पण लगेच काहीच कळत नाही. काही महिन्यांनी गाडी धूर सोडायला लागते आणि फिल्टरचं नावही कोणी घेत नाही. शिव्या मात्र मेकॅनिकला.

उलट आरसा, इंडिकेटरची काच, फूटरेस्टचं रबर, सीट कव्हर यात बाहेरचा बरा ब्रँड बिनधास्त ठेवा. तुटलं तर पैसे जातील, माणूस जाणार नाही. टायर आणि बॅटरीत तर हा वादच नाही, तिथे गाडीबरोबर येणारा मालही एमआरएफ, सिएट, एक्साइड अशा ब्रँडचाच असतो.

म्हणून माझं सरळ मत आहे. ब्रेक, क्लच, चेन, केबल, बेअरिंग आणि फिल्टरमध्ये पहिल्या दोन प्रकारांच्या खाली उतरायचं नाही. बाकी ठिकाणी गिऱ्हाइकाचा खिसा बघा.

"पण सर, मार्जिन?" बरोबर आहे, धंदा करायचाय. हिशोब करू. समजा हलके लायनर ६० ला घेऊन १२० ला विकले, सुटले ६०. ब्रँडेड १३० ला घेऊन १७० ला विकले, सुटले ४०. दहा सेटवर ६०० विरुद्ध ४०० रुपये. पण हलक्यातले दोन परत आले तर? दोन नवीन सेटचे १२० गेले. मेकॅनिकने पुन्हा चाक खोललं, प्रत्येकी ८० मजुरी तुमच्या माथी, म्हणजे १६०. उरले ३२०. आणि हा फक्त कागदावरचा हिशोब झाला. गल्लीतला मेकॅनिक हा तुमचा खरा सेल्समन. एकदा त्याचं नाव गिऱ्हाइकासमोर खराब झालं की तो दुसऱ्या दिवसापासून पुढच्या दुकानात जातो, भांडत नाही, नुसता येणं बंद करतो.

कायद्याचंही ऐका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष मालामुळे इजा किंवा नुकसान झालं आणि माल बनवणारा कोण हेच कळत नसेल, तर विकणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते. विचार करा, बिनानावाचा ब्रेक पार्ट विकलात तर उत्तर द्यायला कोण उरतं? तुम्हीच. डुप्लिकेट माल विकण्याला ट्रेड मार्क्स कायदा १९९९ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. "होलसेलरने दिला, मला काय माहीत" हे तोंडी सांगून भागत नाही. खरेदीचं पक्कं बिल लागतं.

बिलाचा दुसरा फायदा जीएसटीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ऑटो पार्ट्सवर १८ टक्के दर आहे. तुमचं रेग्युलर रजिस्ट्रेशन असेल तर खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. बिलाशिवाय 'स्वस्त' घेतलेल्या मालावर ते मिळत नाही, मग तो स्वस्त राहिला का?

पुण्यात नाना पेठेत किंवा दिल्लीत करोल बाग, काश्मिरी गेटला पहिली खरेदी करायला जाल तेव्हा घाई करू नका. डब्यावर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी नंबर छापलेला असायलाच हवा. छपाई फिकट, स्पेलिंग चुकलेलं, होलोग्राम नखाने निघतोय, तर डबा खाली ठेवा. शक्य असेल तर अधिकृत डीलरकडून एक खरा पार्ट आधी विकत घ्या आणि सोबत न्या. दोन्ही हातात धरून वजन, कडा, पार्टवर कोरलेला नंबर बघा. डब्याची नक्कल सोपी असते, पार्टची तेवढी नसते. आणि कंपनीच्या डब्यावर नेहमीपेक्षा फारच मोठी सूट मिळत असेल तर खूश होण्याआधी "पक्कं बिल देता का?" एवढंच विचारा, चेहऱ्यावरून कळेल.

दुकानात गिऱ्हाइकाला दोन्ही भाव सांगा. "हा कंपनीच्या डब्यातला, हा अमुक ब्रँडचा, फरक इतका." मग त्याने निवडलेला ब्रँड बिलावर नावासकट लिहा, नुसतं 'ब्रेक लायनर १ नग' नको. मी वापरतो तो बिलाचा नमुना पुढच्या व्हिडिओत दाखवतो. तोपर्यंत तुमच्या भागात कुठल्या गाड्या जास्त पळतात त्याची यादी करा, पहिली ऑर्डर त्यावरूनच काढायची आहे.