सुईदोऱ्याने लिहिलेली घरची बखर

पावसाळा ओसरून आश्विनाचे ऊन पडू लागले की घरोघरी ट्रंका उघडल्या जातात आणि चार महिन्यांचा दमटपणा घालवण्यासाठी कपडे बाहेर काढले जातात. त्यांत तळाशी एखादी विरलेली गोधडी, बाळाचे झबले-कुंची, कशिद्याची काळी साडी हमखास सापडते. हे कोणाचे, असे मुलांनी विचारले तर उत्तर देऊ शकणारी व्यक्ती बहुधा एकच असते; घरातली सर्वांत वयोवृद्ध स्त्री. तिच्या पश्चात वस्तू उरते, पण तिची कथा उरत नाही.

आपल्याकडे घराण्याची नोंद ठेवण्याची रीत जुनीच आहे. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आढळतात. मात्र या नोंदी मुख्यत्वे पुरुषांच्या. घरात कोण जन्मले, कोणाचे लग्न झाले, कोण गेले, याची स्त्रियांनी ठेवलेली नोंद कागदावर नव्हे, कापडावर झाली. म्हणूनच ट्रंकेतल्या त्या वस्तूंकडे जुने कपडे म्हणून न पाहता दस्तऐवज म्हणून पाहायला हवे.

याचे सर्वांत साधे उदाहरण म्हणजे गोधडी, किंवा काही भागांत म्हणतात ती वाकळ. जुनी लुगडी, धोतरे, पोलकी यांचे थर एकावर एक अंथरायचे आणि धाव टाक्याच्या जवळजवळ ओळी घालून ते एकजीव करायचे, इतकीच तिची कृती. बाळाच्या दुपट्यासाठी जुनेच कापड घेण्यामागे काटकसर होती, तसाच अनुभवही होता. अनेकदा धुतलेल्या सुती कापडातील खळ निघून गेलेली असते, धागा मऊ पडलेला असतो आणि तो कोवळ्या त्वचेला बोचत नाही. शिवाय गोधडीतल्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा इतिहास असतो. हा पणजीच्या लुगड्याचा काठ, हा आजोबांच्या सदऱ्याचा तुकडा, असे बोट ठेवून सांगता येते. जे माणूस बाळाने कधी पाहिलेच नाही, त्याचे वस्त्र बाळाच्या अंगावर येते.

गोव्याच्या सीमेपलीकडे, उत्तर कन्नडमधील हल्याळ, यल्लापूर परिसरातील सिद्दी स्त्रिया अशीच ‘कवंदी’ शिवतात. पोर्तुगीज काळात गोव्यात गुलाम म्हणून आणलेले अनेक आफ्रिकी लोक त्या रानांत निसटून गेले; आजच्या सिद्दींच्या पूर्वजांत त्यांचा समावेश होतो. कवंदीचे शिवण कडेपासून सुरू होते आणि फेऱ्या घेत मध्याकडे सरकते. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे त्रिकोणी ‘फुला’ बसवल्याखेरीज ती पूर्ण मानली जात नाही. नातवंडांसाठी आजीने शिवलेल्या लहान कवंद्यांत रंगीत तुकड्यांची विशेष रेलचेल असते.

जन्माची खूण गोधडीत, तशी विवाहाची खूण कशिद्यात. बेळगाव-धारवाड भागातील कसुती हे त्याचे ठळक उदाहरण. काळ्या चंद्रकळेवर कसुती काढलेली साडी वधूला देण्याचा तिकडे परिपाठ होता. छापील नक्षी न आखता, कापडाचे उभे-आडवे धागे मोजून हे भरतकाम केले जाते. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. पैकी गवंती आणि मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात आणि दोऱ्याला गाठ मारली जात नाही. तुळशीवृंदावन, गोपूर, रथ, पालखी, हत्ती, मोर या आकृतींनी पदर भरतो. असे काम फुरसतीच्या वेळात, महिनोन्‌महिने चालायचे. लेक सासरी जाण्यापूर्वी मायलेकींनी एकत्र घालवलेला तो काळच त्या पदरात टाक्याटाक्याने उतरत असे. रुखवतात मांडल्या जाणाऱ्या मण्यांच्या तोरणांमागे आणि भरलेल्या रुमालांमागेही हेच होते. पाहुण्यांना त्यात कौशल्य दिसे; घरच्यांना मात्र ते करणारे हात आठवत.

हा ठेवा टिकवायचा तर आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेचा विचार आधी करावा लागतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो आणि कापडाला बुरशी धरते. त्यापेक्षा धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात वस्तू गुंडाळावी. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. रेशमी साडीची घडी दर काही महिन्यांनी बदलावी, अन्यथा ती घडीवरच चिरते. सुती गोधडीला सकाळचे कोवळे ऊन द्यावे, रेशीम मात्र सावलीतच वाळवावे. धुण्यापूर्वी ओलसर पांढरे कापड कोपऱ्यावर दाबून रंग जातो का ते पाहावे. गोधडी फाटली तर जुने टाके न उसवता वरून ठिगळ लावावे. ठिगळ हा तिच्यातील दोष नव्हे. गोधडी मुळात अशीच वाढत आलेली आहे.

आज अनेक घरांत निधन पावलेल्या आईच्या साड्यांच्या गोधड्या शिवून त्या भावंडांत वाटून घेतात, तर बाळाच्या लहान झालेल्या कपड्यांचे दुपटे करतात. जुन्या रीतीचाच हा पुढचा टप्पा. मात्र त्यात एक भर घालणे अगत्याचे आहे. वस्तूच्या आतल्या कडेला सुती पट्टी शिवून तिच्यावर दोऱ्यानेच तीन गोष्टी नोंदवाव्यात : कोणी शिवले, कोणासाठी आणि कोणत्या वर्षी. बॉलपेनची शाई पसरते, कापडावर डाग धरते. दोरा मात्र कापडाबरोबर टिकतो.

आणि जुन्या वस्तूंची माहिती आजी-पणजीकडून यंदाच विचारून घ्यावी. उन्हात पसरलेल्या त्या कपड्यांशेजारी त्यांना बसवावे, एकेक घडी उलगडावी आणि त्या सांगतील ते उतरवून घ्यावे. ट्रंका पुढच्या आश्विनातही उघडतील. सांगणारे माणूस तेव्हा असेलच, याची खात्री देता येत नाही.